मानवशास्त्राच्या पदव्युत्तर प्रवेशाचा अर्ज : यवतमाळ जिल्ह्यातील विद्यार्थ्याच्या दृष्टीने

पदव्युत्तर अथवा संशोधनात्मक अभ्यासक्रमाच्या प्रवेशासाठी विद्यापीठाकडे धाडावयाचा अर्ज हा सामान्यतः कारकुनी स्वरूपाचा कागद समजला जातो. गुणपत्रिका जोडाव्यात, दाखले साक्षांकित करावेत, शुल्क भरावे आणि निकालाची वाट पाहावी, यापलीकडे त्यात विचार करण्याजोगे काही आहे असे बहुतेक विद्यार्थ्यांस वाटत नाही. वाणिज्य किंवा भौतिकशास्त्र यांसारख्या विषयांत ही समजूत फारशी बाधक ठरत नसेल. मानवशास्त्राच्या बाबतीत मात्र ती निश्चित बाधक आहे. कारण या शास्त्रात अर्ज हाच उमेदवाराच्या निरीक्षणशक्तीचा पहिला नमुना असतो. जो मनुष्य पुढे वर्ष-दीड वर्ष एखाद्या वस्तीत राहून तेथील लोकांविषयी लिहिणार आहे, तो स्वतःच्या गावाविषयी दोन पाने कशी लिहितो, हे पाहूनच निवडसमिती आपले मत बनवीत असते.

यवतमाळ जिल्ह्याच्या संदर्भात या प्रश्नास आणखी एक बाजू आहे. वर्धा आणि पैनगंगा या नद्यांच्या दरम्यान पसरलेल्या या सोळा तालुक्यांच्या जिल्ह्यात कोलाम, गोंड, परधान, आंध, बंजारा, पारधी आणि नाना जातींचे वऱ्हाडी शेतकरी शेजारी शेजारी नांदतात. द्राविडी आणि आर्य ही दोन भाषाकुले येथे एकाच आठवडी बाजारात ऐकू येतात. महाराष्ट्रात आदिम म्हणून गणल्या गेलेल्या तीन जमातींपैकी (कातकरी व माडिया गोंड या अन्य दोन) कोलाम ही जमात मुख्यत्वे याच भागात आहे. मानवशास्त्राच्या अभ्यासकास याहून समृद्ध प्रदेश मिळणे कठीण. परंतु या प्रदेशाविषयी आजवर झालेले मान्यवर लेखन पाहिले, तर त्यातील बराच भाग बाहेरून आलेल्यांनी केलेला आहे. रसेल व रायबहादूर हिरालाल यांचे मध्यप्रांतातील जातिजमातींवरील चार खंड १९१६ मध्ये प्रसिद्ध झाले. पैनगंगेच्या पलीकडच्या तीरावर, आदिलाबादच्या राजगोंडांमध्ये, क्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी केलेल्या कामाचा ग्रंथ १९४८ चा आहे. कोलामी भाषेचे प्रमाणभूत वर्णन मरे एमेनो यांनी १९५५ मध्ये प्रकाशित केले. त्याची सामग्री त्यांनी १९३० नंतरच्या दशकाच्या अखेरीस शेजारच्या वर्धा जिल्ह्यात गोळा केली होती. या सर्व ग्रंथांत स्थानिक मनुष्य माहिती देणारा म्हणून उपस्थित आहे. लेखक म्हणून तो क्वचितच दिसतो. तेव्हा झरी-जामणीच्या एखाद्या पोडावरील मुलगी वा पुसदजवळच्या तांड्यावरील मुलगा जेव्हा मानवशास्त्राच्या विभागाकडे अर्ज करतो, तेव्हा केवळ एका जागेचा प्रश्न नसतो. माहिती देणाऱ्याच्या जागेवरून लिहिणाऱ्याच्या जागेवर येण्याचा तो प्रश्न असतो, आणि अर्जातील दोन-तीन पाने बिघडल्यामुळे ही संधी हुकावी हे खेदाचे आहे.

प्रारंभीच विषयाच्या नावाविषयी थोडे सांगितले पाहिजे. मराठीत दीर्घकाळ 'मानववंशशास्त्र' ही संज्ञा रूढ होती व अद्याप अनेकांच्या तोंडी तीच आहे. तिच्यातील 'वंश' या पदामुळे हे शास्त्र म्हणजे कवट्या मोजणे व वंशांची वर्गवारी करणे होय, असा समज विद्यार्थ्यांत उगीच दृढ होतो. शारीरिक मानवशास्त्र ही या विषयाची एक शाखा आहे खरी. पण सामाजिक-सांस्कृतिक, भाषिक व पुरातत्त्वीय या शाखाही तितक्याच त्याच्या आहेत. आपला अर्ज यांपैकी कोणत्या शाखेकडे आहे हे ठाऊक नसणे, ही अर्जातील पहिली व सर्वांत सहज टाळता येण्याजोगी चूक होय.

दुसरी अडचण पार्श्वभूमीची. यवतमाळ, वणी, पुसद, पांढरकवडा येथील कला महाविद्यालयांतून समाजशास्त्र, इतिहास, मराठी हे विषय शिकविले जातात. पदवीस मानवशास्त्र हा स्वतंत्र विषय घेतलेला विद्यार्थी विरळाच. ही उणीव आहे, परंतु ती वाटते तितकी मोठी नाही. या विषयाच्या महाराष्ट्रातील इतिहासानेच ते दाखवून दिले आहे. गोविंद सदाशिव घुर्ये हे मूळचे मालवणचे. ते संस्कृतचे विद्यार्थी आणि मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात संस्कृतचेच अध्यापक होते. मुंबई विद्यापीठात १९१९ मध्ये समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला, तेव्हा त्याचे प्रमुख पॅट्रिक गेडिस यांनी विलायतेस पाठवावयाच्या विद्यार्थ्याची निवड करताना उमेदवाराकडून निबंध लिहवून घेतला. घुर्यांनी तो मुंबई शहरावर, एक नागर केंद्र या दृष्टीने, लिहिला आणि शिष्यवृत्ती त्यांस मिळाली. ते प्रथम लंडनला हॉबहाऊस यांच्याकडे गेले. तेथे मन न रमल्यामुळे केंब्रिजला रिव्हर्स यांचे शिष्य झाले. १९२२ मध्ये रिव्हर्स वारले आणि हॅडन यांच्या देखरेखीखाली त्यांनी पदवी पूर्ण केली. पुढे १९२४ पासून मुंबईच्या विभागाची धुरा त्यांच्याकडे आली आणि इरावती कर्वे यांच्यासारख्या विद्यार्थिनी त्यांच्या हाताखाली शिकल्या.

या हकिकतीतील निबंधाचा विषय लक्षात घेण्याजोगा आहे. संस्कृतच्या अध्यापकाने एखाद्या धर्मसूत्रावर लिहिणे अधिक सोपे व अधिक प्रतिष्ठेचे होते. गेडिस हे नगररचनेचे अभ्यासक. शहर कसे पाहावे हा त्यांचा जन्माचा ध्यास. घुर्यांनी आपण जेथे राहतो ते शहर विषय म्हणून घेतले आणि ज्याच्यापुढे निबंध जाणार त्याच्या शास्त्राच्या दृष्टीने ते पाहिले. चांगल्या अर्जाची दोन्ही अंगे येथे एकत्र आढळतात : स्वतःस प्रत्यक्ष ठाऊक असलेली वस्तू, आणि तिच्याकडे पाहण्याची त्या शास्त्राची रीत. यवतमाळच्या विद्यार्थ्याजवळ पहिले अंग मुबलक असते. दुसरे त्यास कमवावे लागते.

डॉ. आंबेडकरांचे उदाहरण याहून बोलके आहे. ते बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले ते अर्थशास्त्राचे विद्यार्थी म्हणून. तथापि अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या मानवशास्त्राच्या चर्चासत्रात त्यांनी ९ मे १९१६ रोजी भारतातील जातिसंस्थेवरील आपला निबंध वाचला. जातीचे दुःख त्यांनी स्वतः भोगलेले होते. त्या दुःखाचे वर्णन करून सभेस हेलावून सोडणे त्यांस अशक्य नव्हते. निबंधाची मांडणी मात्र निराळी आहे. सेनार, नेसफील्ड, रिस्ली आणि केतकर यांच्या व्याख्या एकेक घेऊन त्यांत काय उणे आहे ते ते दाखवितात आणि नंतर स्वजातीय विवाहाच्या बंधनावर आपला सिद्धान्त उभा करतात. या चौघांपैकी श्रीधर व्यंकटेश केतकर हे अमरावतीस शालेय शिक्षण घेऊन पुढे कॉर्नेल येथे गेलेले वऱ्हाडचे विद्यार्थी, ही गोष्ट या भागातील वाचकास ठाऊक असलेली बरी. अनुभव हा आंबेडकरांच्या प्रश्नाच्या मुळाशी आहे; पण पुराव्याच्या जागी तो ठेवलेला नाही.

हाच भेद उद्देशपत्राच्या संदर्भात सर्वांत अधिक विसरला जातो. उद्देशपत्र म्हणजे आपण हा विषय, हा विभाग व हा प्रश्न का निवडला याचे दोन-तीन पानी निवेदन. परदेशी विद्यापीठांत ते अर्जाचा कणाच असते; भारतात मुलाखतीच्या वेळी तोंडी विचारले जाते ते हेच. आपल्याकडील विद्यार्थ्याचे उद्देशपत्र बहुधा असे सुरू होते की, त्यास लहानपणापासून समाजसेवेची आवड आहे, ग्रामीण भागातील शेतमजुरांच्या समस्या त्याने जवळून पाहिल्या आहेत आणि उच्च शिक्षण घेऊन त्या सोडविण्याची त्याची इच्छा आहे. यातील प्रत्येक शब्द खरा असू शकेल. परंतु हे वाक्य भारतातील कोणत्याही जिल्ह्यातील कोणीही लिहू शकतो, आणि समितीपुढे तसे ते शेकड्यांनी येते. वाचणाऱ्यास त्यातून लिहिणाऱ्याचे डोळे दिसत नाहीत.

समजा, हा विद्यार्थी राळेगाव तालुक्यातील एका सालगड्याचा मुलगा आहे. सालगड्याचा करार गुढीपाडव्यास होतो व पाडव्यास संपतो, हे त्यास कोणी शिकविलेले नाही. त्याच्या घरचे पंचांगच त्यावर चालते. कराराची बोलणी कोणाच्या ओसरीवर होत, साक्षीस कोण बसे, मोबदल्यात धान्य किती व रोख किती, धान्याचा वाटा कोणत्या वर्षापासून घटला, आईच्या निंदणीची मजुरी त्यात धरली जाई की वेगळी, मालकास घरातील मुले कोणत्या नात्याच्या नावाने हाक मारीत आणि ते नाव कोणत्या प्रसंगानंतर बंद झाले, हे सर्व त्यास ठाऊक असते. आणि तरी उद्देशपत्रात त्यातील एक अक्षरही येत नाही, कारण ते लिहिण्याच्या योग्यतेचे आहे असे त्यास वाटत नाही. वस्तुतः यातील शेवटची नोंद एकटीच एका प्रबंधाचे बीज ठरू शकेल. मजुरीचा संबंध नात्याच्या भाषेत बोलला जातो तेव्हा त्या भाषेचा लाभ कोणास मिळतो, आणि करार रोखीचा झाल्यावर ती भाषा उरते काय? असा प्रश्न मांडणारा विद्यार्थी 'समस्या सोडविण्याची' प्रतिज्ञा करीत नसला तरी समिती त्यास बोलावील.

याच ओघात एका नाजूक विषयाचा उल्लेख अपरिहार्य आहे. यवतमाळ म्हटले की शेतकऱ्यांच्या आत्महत्या, हे समीकरण वृत्तपत्रांनी देशभर रूढ केले आहे, आणि जिल्ह्यातील अनेक विद्यार्थी तोच विषय प्रस्तावात घेतात. तो घेऊ नये असे कोणी म्हणणार नाही. ज्यांच्या आळीत हे घडले त्यांस त्याविषयी लिहिण्याचा अधिकार इतरांहून अधिक आहे. पण वृत्तपत्रातील मथळा हा संशोधनाचा प्रश्न नव्हे. घरचा कर्ता गेल्यावर सातबारावरील नाव कधी व कोणाचे लागते, कृषी केंद्राची उधारी पुढील हंगामात कोणाच्या नावे चालते, विधवा सासरी राहते की माहेरी येते आणि त्याची कारणे ती कशी सांगते, हे प्रश्न लहान आहेत, म्हणूनच हाताळण्याजोगे आहेत. २०१७ मध्ये कपाशीवर कीटकनाशके फवारताना जिल्ह्यात विषबाधेने शेतकरी व मजूर दगावले. त्या घटनेविषयीही 'शासनाचे दुर्लक्ष' असे लिहून थांबण्यापेक्षा फवारणीचे काम गावात कोण करतो, ते रोजावर की पंपावर ठरते, आणि गरगरणे, मळमळणे यांस मजूर आपल्या बोलीत काय म्हणतात व दवाखान्यात काय सांगतात, या दिशेने जाणारा प्रस्ताव मानवशास्त्राचा होतो.

निष्कर्ष आधी ठरवून प्रस्ताव लिहू नये, हे सर्वांस मान्य असते. आचरणात ते अवघड जाते. इरावती कर्वे यांनी १९२० नंतरच्या दशकाच्या अखेरीस बर्लिन येथे ऑयगेन फिशर यांच्या मार्गदर्शनाखाली कवट्यांच्या असमितीवर प्रबंध लिहिला. वंश आणि ही असमिती यांचा संबंध असावा अशी मार्गदर्शकांची अपेक्षा होती. कर्वे यांच्या मोजमापांत तसा संबंध आढळला नाही, आणि त्यांनी तसे लिहिले. परमुलखात, मार्गदर्शकाच्या अपेक्षेविरुद्ध जाणारा निष्कर्ष मांडण्यास जो निर्भयपणा लागतो, त्याची चुणूक प्रस्तावातही दाखविता येते. अमुक आढळल्यास आपले गृहीतक चुकले असे मानू, असे एक वाक्य पुरते.

आता भाषेकडे वळावयास हरकत नाही. इंग्रजी कच्चे आहे या एका चिंतेने ग्रामीण विद्यार्थी इतका ग्रासलेला असतो की, आपणास येणाऱ्या इतर भाषा ही भांडवलाची बाब आहे याचे त्यास भानच राहत नाही. अर्जातील 'ज्ञात भाषा' या रकान्यात तो मराठी, हिंदी, इंग्रजी एवढेच भरतो. घरी कोलामी बोलणारी मुलगी कोलामी लिहीत नाही. तांड्यावरील मुलगा गोरमाटीचा उल्लेख टाळतो. वऱ्हाडी बोलणारा ती मराठीच धरतो. शाळेने ज्या भाषेस भाषा म्हटले नाही ती अर्जात कशी लिहावी, असा संकोच त्यामागे असतो. हा संकोच महाग पडतो. २०११ च्या जनगणनेत कोलामी मातृभाषा असलेल्यांची संख्या सुमारे १ लाख २८ हजार होती. यांपैकी किती जण मानवशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गापर्यंत पोहोचतात याचा अंदाज कोणीही करावा. बाहेरच्या संशोधकास जी भाषा शिकण्यास दोन वर्षे लागतील ती उमेदवारास जन्मतः येते, ही गोष्ट समितीच्या दृष्टीने प्रथम वर्गाच्या गुणांहूनही मोलाची ठरू शकते. मात्र ती स्पष्ट शब्दांत सांगितली पाहिजे : भाषा बोलता येते की केवळ समजते, गाणी व कथा कळतात की दैनंदिन व्यवहारच, शेजारच्या तालुक्यातील बोली कितपत उमगते.

ज्यास ती जन्मतः येत नाही त्यानेही निराश होण्याचे कारण नाही. सेतुमाधवराव पगडी हे मराठी वाचकास इतिहासकार म्हणून परिचित आहेत. निजामाच्या राज्यात मुलकी अधिकारी म्हणून आदिलाबादकडे असताना त्यांनी गोंडी व कोलामी या भाषा आत्मसात केल्या आणि कोलामीचे व्याकरण १९५० मध्ये, म्हणजे एमेनो यांच्या ग्रंथाच्या पाच वर्षे आधी, प्रसिद्ध केले. भाषाशास्त्र हा त्यांचा पेशा नव्हता. कामानिमित्त जेथे राहिले तेथील माणसांशी बोलणे त्यांनी आवश्यक मानले, एवढेच.

येथे एक धोक्याची सूचना भाषेच्या अभ्यासकाने देणे उचित होईल. भाषेतील एखादी व्यवस्था पाहून समाजाविषयी एकदम अनुमान काढण्याचा मोह नवख्यास फार होतो. कोलामी व गोंडी या दोन्ही भाषांत पुरुषवाचक नामे एका वर्गात येतात आणि स्त्रीवाचक नामे प्राणी व वस्तू यांच्या नामांसह दुसऱ्या वर्गात. यावरून 'या समाजांत स्त्रीस वस्तू मानतात' असे विधान एखाद्या उद्देशपत्रात आले, तर वाचणारा भाषाशास्त्रज्ञ ते पत्र तेथेच मिटवील. व्याकरणातील लिंगव्यवस्था शतकानुशतके आपल्या मार्गाने चालत आलेली असते. समाजातील स्त्रीचे स्थान पाहावयाचे तर विवाह, वारसा, श्रमविभाग यांकडे पाहावे लागते. मराठीत 'मूल' नपुंसकलिंगी आहे म्हणून मराठी माणूस मुलांना निर्जीव मानतो असे कोणी म्हणत नाही.

लेखननमुना मागणाऱ्या विद्यापीठांसाठी काय पाठवावे, हा प्रश्न पुढे येतो. पदवी परीक्षेसाठी पाठ्यपुस्तकांवरून जुळविलेला प्रकल्प धाडण्याची प्रथा आहे, ती सोडावी. त्याऐवजी आठ-दहा कुटुंबांची वंशावळ हे एक असे काम आहे की जे एका उन्हाळ्यात, बिनखर्चाने व एका वहीत होऊ शकते. रिव्हर्स यांनी १८९८ च्या टोरेस सामुद्रधुनीच्या मोहिमेत ही पद्धत प्रथम वापरली व १९१० मध्ये ती शास्त्रशुद्ध रीतीने मांडली. एका व्यक्तीपासून आरंभ करून आईबाप, त्यांची भावंडे, प्रत्येकाचा विवाह कोठे व कोणत्या कुळाशी झाला, आणि प्रत्येकास काय म्हणून हाक मारतात, एवढेच विचारीत जावयाचे. गोंडांत चार, पाच, सहा व सात देवांचे गट असतात, आणि विवाह आपल्या गटाबाहेर व्हावा असा दंडक आहे. वंशावळ लिहू लागले की दंडक कोठे पाळला गेला व कोठे वाकविला गेला हे आपोआप समोर येते. कर्वे यांनी आपल्या १९५३ च्या ग्रंथात भारतातील आप्तसंबंधांचे चार विभाग कल्पिले आणि महाराष्ट्रास उत्तर व दक्षिण यांच्या मधल्या पट्ट्यात ठेवले. मामेबहिणीशी विवाह येथे अनेक जातींत मान्य, आतेबहिणीशी सामान्यतः नाही. यवतमाळच्या एकाच गावातील कुणबी, कोलाम व बंजारा कुटुंबांच्या वंशावळी शेजारी ठेवल्या तर या मांडणीची परीक्षा होते. दहा पानांचा असा निबंध, त्यातील त्रुटी मान्य करून लिहिलेला, कोणत्याही विभागात आस्थेने वाचला जाईल.

मात्र हे काम संमतीवाचून करू नये. आपलेच पोड, आपलेच काका, मग परवानगी कसली, असे विद्यार्थ्यास वाटते. पण काकांनी पुतण्यास सांगितलेली गोष्ट व संशोधकास सांगितलेली गोष्ट एक नव्हे. ती छापली जाणार, दूरचे लोक वाचणार, हे त्यांस सांगितले पाहिजे आणि नावे बदलली पाहिजेत. पळून केलेले विवाह, जातपंचायतीचे दंड, वनजमिनीवरील अतिक्रमण यांविषयीच्या नोंदी माणसांस अडचणीत आणू शकतात. २००६ च्या वनहक्क कायद्याखालील दावे जेथे चालू आहेत तेथे अमुक कुटुंब कोणत्या वर्षी येथे आले ही वंशावळीतील साधी नोंददेखील निष्पाप राहत नाही. उमेदवाराने याचा विचार केला आहे हे लेखननमुन्यात एका परिच्छेदातून दिसावे.

जुन्या साधनांच्या उपयोगाविषयी थोडक्यात. १९०५ पर्यंत हा जिल्हा 'वूण', म्हणजे वणी, या नावाने ओळखला जाई आणि नंतरच्या इंग्रजी कागदांत त्याचे नाव 'येओतमाल' असे येते. ग्रंथालयाच्या सूचीत आजच्या नावाने शोधणाऱ्यास म्हणूनच काही सापडत नाही. १९०८ चे जिल्हा गॅझेटियर व रसेल-हिरालाल यांचे खंड आवश्यक वाचावेत, पण त्यांतील विशेषणे उचलू नयेत. पारध्यांसारख्या जमातींवर 'जन्मजात गुन्हेगार' हा शिक्का १८७१ च्या कायद्याने मारला व तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. पुस्तकांतून तो शिक्का पुसला गेलेला नाही. एखाद्या विद्यार्थ्याच्या निबंधात 'कोलाम हे लाजाळू, निरागस व अल्पसंतुष्ट असतात' असे वाक्य आढळले, तर ते त्याने पाहिलेले नसून वाचलेले आहे हे ओळखण्यास विशेष विद्वत्ता लागत नाही. कोलामाच्या मुलानेही ते लिहिलेले आढळते, ही त्यातली खंत.

शिफारसपत्रांची स्थिती शोचनीय आहे. विद्यार्थी सालस व होतकरू असून त्यास भावी आयुष्यात सुयश चिंतितो, अशा दोन ओळींवर प्राचार्यांची सही व गोल शिक्का, हा आपल्याकडील सार्वत्रिक नमुना. परदेशी विभागास, आणि अलीकडे भारतातील चांगल्या विभागांसही, त्या शिक्क्याचे काही वाटत नाही. ज्या अध्यापकाने विद्यार्थ्याचे लेखन वाचले, त्याच्याशी वाद घातला, तोच योग्य शिफारसकर्ता. मग तो अधिव्याख्याता का असेना. विद्यार्थ्याने त्यास आपली वंशावळीची वही, उद्देशपत्राचा खर्डा आणि वर्गात लिहिलेला एखादा निबंध आणून द्यावा, म्हणजे त्यास लिहावयास काही राहील. अध्यापकांचेही येथे कर्तव्य आहे. विद्यार्थ्यानेच मसुदा लिहून आणावा व आपण सही करावी, ही पद्धत वेळ वाचविते. पण ते पत्र उद्देशपत्राच्याच शैलीत लिहिलेले असल्याचे वाचणाऱ्याच्या ध्यानी येते, आणि नुकसान विद्यार्थ्याचे होते.

नियमांची बाजू रुक्ष असली तरी टाळता येत नाही. अमरकंटकचे इंदिरा गांधी राष्ट्रीय जनजातीय विद्यापीठ, सागर, हैदराबाद, दिल्ली यांसारख्या केंद्रीय विद्यापीठांत पदव्युत्तर प्रवेश २०२२ पासून टप्प्याटप्प्याने सामाईक परीक्षेतून होऊ लागला. त्या परीक्षेत उद्देशपत्रास वाव नाही. तेथे शारीरिक मानवशास्त्र व प्रागितिहास यांचीही तयारी लागते, आणि कला शाखेचा विद्यार्थी नेमका येथेच अडखळतो. पुणे विद्यापीठाच्या मानवशास्त्र विभागाची वाट वेगळी व जवळची आहे. पीएच.डी.साठी विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये नवे नियम केले, एम.फिल. बंद झाली, आणि २०२४ पासून राष्ट्रीय पात्रता परीक्षेच्या गुणांस प्रवेशासाठी ग्राह्य धरण्याची तरतूद आली. अधिछात्रवृत्ती न मिळालेल्या पात्र उमेदवारांच्या बाबतीत त्या गुणांस ७० व मुलाखतीस ३० टक्के भार ठरविण्यात आला. हे ३० टक्के म्हणजे वर वर्णिलेली सर्व तयारी होय. नागपूर येथील भारतीय मानववैज्ञानिक सर्वेक्षणाचे केंद्र व पुण्याची आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था (स्थापना १९६२) येथे अर्ज करण्यापूर्वी एकदा जाऊन यावे. आपल्या विषयावर काय काम झाले आहे हे तेथे कळते.

परदेशी जाणाऱ्यांपुढे शिष्यवृत्तीचा प्रश्न असतो, आणि त्यात एक अडचण अशी आहे की जी मानवशास्त्राच्या विद्यार्थ्यासच विशेष जाचते. अनुसूचित जाती, विमुक्त व भटक्या जमाती आणि भूमिहीन शेतमजूर यांच्यासाठी केंद्र शासनाची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे. तिच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूत्रांत भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास व भारतावरील सामाजिक अभ्यास हे विषय वगळण्यात आले. म्हणजे तांड्यावरील विद्यार्थ्याने परदेशात जाऊन तांड्याचा अभ्यास करावा, यास त्या निधीतून आधार नाही असे ठरले. या निर्णयावर त्या वेळी टीका झाली व ती रास्त होती. अनुसूचित जमातींची शिष्यवृत्ती स्वतंत्र मंत्रालयाकडून चालते, तिची सूत्रे वेगळी आहेत. राज्य शासनाच्या योजना आणखी निराळ्या. ही सूत्रे दरवर्षी बदलू शकतात, सबब विषय ठरविण्यापूर्वीच त्या वर्षीची मूळ प्रत वाचावी. अमेरिकेतील अनेक विभाग पीएच.डी.च्या विद्यार्थ्यास पाच-सहा वर्षांचा निर्वाह स्वतःच देतात व अर्जशुल्कही विनंतीवरून माफ करतात, हे विद्यार्थ्यांस बहुधा ठाऊक नसते.

त्या अर्जांची मुदत साधारणतः डिसेंबरात संपते. तो काळ कापूसवेचणीचा. घरातील प्रत्येक हात तेव्हा शेतात लागतो आणि महाविद्यालयांत सत्रपरीक्षांची घाई असते. त्यामुळे वंशावळीचे काम उन्हाळ्यात, पेरणी सुरू होण्यापूर्वी उरकावे, उद्देशपत्राचा पहिला खर्डा पावसाळ्यात करावा आणि शिफारसपत्रांसाठी अध्यापकांकडे पोळ्याच्या सुमारास जावे. दिवाळीनंतर गेलेल्या विद्यार्थ्यास ते दोन ओळींचे पत्रच मिळते.